एका बिल्ल्याला एक हत्यार

माणसाच्या हातातलं हत्यार चुकीचं आहे, हे दामूअण्णांना भिंतीपलीकडून ऐकू येत असे. एरवी त्यांना कमीच ऐकू यायचं. सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये झाली, तिथल्या ठोकाठोकीत कान गेले, असं ते स्वतःच सांगत. ‘अण्णा, चहा घेणार का?’ हे त्यांना दोनदा विचारावं लागे, आणि दुसऱ्यांदा जरा ओरडूनच. पण मी कॅलेंडर लावायला म्हणून खिळा घ्यावा, खलबत्त्यातल्या बत्त्याने त्याच्या डोक्यावर दोन ठोके घालावेत, की तिसऱ्या ठोक्याच्या आत आमचं दार वाजलेलं असे.

“बत्ता आहे,” अण्णा दारातूनच सांगत. “हातोडी नाही.”

“एकच खिळा आहे हो अण्णा.”

“बत्त्याला कुठे माहीत, एकच आहे ते?” असं म्हणून ते माझ्या हातातून बत्ता काढून घेत, शर्टाच्या बाहीने पुसत आणि खलात नेऊन ठेवत. “हा वेलदोड्याचा. याच्याकडून लोखंडाचं काम करवून घेणं म्हणजे जुलूम आहे, वहिनी.”

मी भुसावळची. माझे वडील खिळे वरवंट्याने ठोकत, डबे विळीच्या टोकाने उघडत आणि चष्म्याचा स्क्रू नखाने पिळत. लग्न होऊन झाशीला आले, ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी वर्कशॉपजवळच्या नगरा वस्तीत घर घेतलं, आणि शेजार अण्णांचा मिळाला. पहिल्या महिन्याभरातच माझं अख्खं माहेर गुन्हेगार ठरलं.

अण्णा म्हणजे दामोदर पुंडे. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले ते इकडचेच झाले. “आम्ही झाशीचे, तुम्ही रेल्वेचे,” असं ते आम्हाला चिडवत, स्वतःची सगळी हयात रेल्वेत गेलेली असूनही. लहानपण शहरात लक्ष्मी गेटजवळ गेलं. भाऊ पांगले, आणि अण्णांनी नगऱ्यात दोन खोल्या स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घेतल्या. कपाटाला ते फडताळ म्हणत, पाहुण्यांना ‘विराजावं’ म्हणत, आणि जिव्हाळ्याची गोष्ट निघाली की मराठीतून सरळ हिंदीत उतरत. अन्नाजी हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखी होती. शहरातल्या एका मराठी घरी मुलगी पाहायला गेले होते. आतून कुणी ये-जा केली की मधलं दार कुरकुरायचं. एकदा कुरकुरलं, दुसऱ्यांदा कुरकुरलं; तिसऱ्यांदा अण्णा उठले. मुलगी पोह्यांची बशी घेऊन आली तेव्हा दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, आणि नवरामुलगा उंबऱ्यावर गुडघे टेकून बिजागरी तपासत होता. मुलीच्या वडिलांनी त्यांना बाहेरचं दार दाखवलं.

“पोहे बरे होते,” अण्णा सांगत. “पण वहिनी, बिजागरीचे स्क्रू कुणीतरी हातोडीने ठोकून बसवले होते! स्क्रू! ठोकून! तसल्या घरात सोयरीक कशी करणार?”

अण्णा वर्कशॉपमध्ये टूल रूमला होते. टूल रूम म्हणजे हत्यारांची कोठी. तिला एक एवढीशी खिडकी. कामगाराने यायचं, आपला पितळी बिल्ला खिडकीतून आत सरकवायचा, हवं ते हत्यार सांगायचं. हत्यार बाहेर जातं आणि त्याच्या जागी खुंटीला बिल्ला टांगला जातो. हत्यार परत आलं की बिल्ला परत. नियम एकच, एका बिल्ल्याला एक हत्यार. ह्या खिडकीच्या आतल्या बाजूला अण्णांनी जन्म काढला, आणि निवृत्त झाल्यावर ती कोठी त्यांनी जशीच्या तशी घरी आणली.

म्हणजे हत्यारं त्यांची स्वतःचीच होती, जुन्या बाजारातून एकेक पारखून घेतलेली. बाहेरच्या खोलीची एक भिंत त्यांनी भरली होती. हातोड्या, पटाश्या, रंधे, करवती, कानशी, गुण्या, ओळंबा, पाने. प्रत्येकाची खुंटी वेगळी. आणि गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी एक पत्र्याचा बिल्ला. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून, कडा कानशीने घासून, वर घराचा नंबर ठोकून त्यांनी तो घरोघरी स्वतः नेऊन दिला. आमचा बिल्ला मी देवघराशेजारी टांगला होता, कारण तो नाही तर अण्णांकडून साधी पक्कडसुद्धा मिळत नसे. समोरच्या शुक्लाजींचा एकदा हरवला. अण्णांनी त्यांना हत्यार नाकारलं नाही, फक्त बिल्ल्याच्या जागी काहीतरी ठेवा म्हणाले. शुक्लाजींनी चष्मा ठेवला. हत्यार होतं करवत. बिनचष्म्याने त्यांनी स्टुलाचे चार पाय कापले, आणि ते स्टूल पुढे कित्येक वर्षं त्यांच्या ओसरीवर लंगडत उभं होतं.

आणि बिल्ला असला तरी एका वेळी एकच. भिंतीला फळी लावायची असेल, तर आधी हातड्रिल न्यायचं. भोकं पाडून परत करायचं. मग हातोडी. ती परत, मग पेचकस. आमच्या भुसावळकडे त्याला डिसमिस म्हणतात, ते ऐकून अण्णांना फार मजा वाटे. प्रत्येक फेरीला अण्णांची उलटतपासणी. भिंत कशाची आहे, चुन्याची की सिमेंटची? फळीवर ठेवणार काय? स्क्रू दाखवा. मग त्या स्क्रूच्या खाचेत एकेक पेचकस लावून बघायचे, आणि जो इकडेतिकडे जराही हलणार नाही तोच हातात द्यायचे. “खाच भरली पाहिजे. सैल पेचकस स्क्रूचं तोंड खराब करतो, मग त्याला कुणी काढू शकत नाही, बिचारा तिथेच सडतो.” एवढं होईपर्यंत चहाही झालेला असे. एक फळी म्हणजे एक अख्खा रविवार. आमचे हे वैतागून म्हणत, “सगळं एकदम दिलं तर काय बिघडतं म्हाताऱ्याचं?” पण त्या फळ्या अजून आहेत. त्यांच्यावर आज पुस्तकांचं, पितळेच्या भांड्यांचं आणि एका शिवणयंत्राचं ओझं आहे, आणि एकही रेसभर कलली नाही.

अण्णांची खरी थोरवी मला कळली ती स्वयंपाकघराच्या वेळी. तोवर मी खाली बसून स्वयंपाक करत होते. ओटा हवा, उभ्याने करता आलं पाहिजे, असा हट्ट मी धरला, आणि ह्यांनी टहरौलीहून आलेला हरप्रसाद मिस्त्री ठरवला. हरप्रसादचं सगळं मोजमाप वितीचं आणि डोळ्याचं. पहिल्याच दिवशी विटांचा थर चढल्याचा आवाज ऐकून अण्णा हजर.

“ओळंबा लावला का?” ते हिंदीत विचारते झाले.

हरप्रसाद एक डोळा मिटून भिंतीकडे बघत त्याच्या बुंदेलीत म्हणाला, “सीधी है अन्नाजी. का हमाई आँख पै भरोसो नइयाँ?”

“आँख पै है, बेटा. दीवार पै नइयाँ,” अण्णा म्हणाले, आणि जाऊन ओळंबा घेऊन आले. तो आणायला जाताना देवघराशेजारचा आमचा बिल्ला नेऊन त्यांनी स्वतःच्याच भिंतीवर टांगला होता; मी चौकशी केली तर म्हणाले, नियम म्हणजे नियम. ओळंबा खाली सोडला. भिंत वरच्या बाजूने बाहेर आली होती. हरप्रसादने दुसरा डोळा मिटून पाहिलं, आणि तो थर उतरवायला लागला. पुढे दोघांचं इतकं जमलं की हरप्रसाद दुपारची भाकरी अण्णांच्याच ओसरीवर खाई.

मग ओट्याची उंची. मिस्त्री म्हणे, सगळीकडे असते तेवढी ठेवू. अण्णा म्हणाले, “सगळीकडच्या बायका इथे येऊन पोळ्या करणार आहेत काय? वहिनी, जरा उभ्या राहा.” मला त्यांनी रिकाम्या भिंतीसमोर उभं केलं, हवेत पोळी लाटायला सांगितली, आणि स्वतः बाजूला टेप धरून कोपरापासून खाली माप घेऊ लागले. “लाटा. जोर लावून लाटा. आता कणीक मळा.” मिस्त्री हसतोय, मजूर हसतोय, शुक्लीणबाई खिडकीतून बघतायत आणि मी हवेत पोळ्या लाटतेय. मी चिडून म्हटलं, “अण्णा, तवा पण चढवू का?” तर ते गंभीरपणे म्हणाले, “थांबा, शेगडीची उंची वेगळी. ती मग घेऊ.”

ओट्याचे दोन भाग केले त्यांनी. मळायला-लाटायला एक, आणि शेगडीसाठी थोडा खालचा. बघणारे विचारत, पायरी का केली? पण आज माझ्या वयाच्या बायका कंबर धरून उठतात-बसतात, आणि मी त्या ओट्याशी उभी राहून अजूनही पुरणपोळ्यांचा घाणा घालते. माझ्या पाठीची एवढी काळजी माझ्या माहेरीसुद्धा कुणी केली नव्हती, हे मी लेकीसुनांना नेहमी सांगते.

अशा माणसाचा गल्लीने सत्कार करायचा ठरवला, यात नवल काही नाही. कल्पना शुक्लाजींची, भाषण आमच्या ह्यांचं. गल्लीच्या गणपतीत शेवटच्या आरतीनंतर अण्णांना शाल घातली, नारळ दिला, आणि मग दोघांनी मिळून एक मोठी लाकडी पेटी पुढे आणली. आत सगळी नवीकोरी हत्यारं. ह्यांनी सांगितलं, “अण्णांचे गुडघे आता दुखतात. आपण रविवारभर त्यांना उठबस करायला लावतो. यापुढे ही पेटी गल्लीची. अण्णांनी आता आराम करायचा.” टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

अण्णांनी पेटीतली हातोडी उचलली, तळहातावर तोलली, दांड्याच्या लाकडाची शीर पाहिली. “चांगली आहे,” ते म्हणाले. “पेटीची किल्ली कुणाकडे?”

“किसी के पास नहीं, अन्नाजी!” शुक्लाजी आनंदाने ओरडले. “खुला बक्सा है, हमारे बरामदे में रहेगा. जिसे जो चाहिए, सब एक साथ ले जाए!”

पुन्हा टाळ्या झाल्या. अण्णांनीही वाजवल्या. पेटी देताना कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

पुढचे रविवार फार सोयीचे गेले. ज्याला हवं त्याने हवं ते नेलं. शुक्लाजींनी पटाशीने रंगाचा डबा उघडला. कुणी रंधा खिळ्यांवरून फिरवला. ह्यांनी पान्याने खुंटी ठोकली, आणि मी कानावर हात ठेवून दाराकडे पाहत राहिले. आता अण्णा येतील, आता येतील. गल्लीत इतकी चुकीची ठोकाठोकी चालली होती, पण अण्णा आले नाहीत. मला वाटलं, कान पारच गेले बहुतेक. जाता-येता त्यांच्या खोलीत नजर जाई. भिंतीवर सगळी हत्यारं जागच्या जागी, एकही खुंटी रिकामी नाही, आणि अण्णा दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेले.

मग खंडेनवमी आली. दर वर्षी त्या दिवशी सगळी गल्ली अण्णांकडे असे. हत्यारं घासूनपुसून पांढऱ्या चादरीवर मांडलेली, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि बत्ताशांचा प्रसाद. त्या दिवशी बिल्ला चालत नसे. “आज त्यांची सुट्टी,” असं अण्णा सांगत. त्या वर्षी मात्र पूजा शुक्लाजींच्या बरामद्यात, पेटीची झाली. अण्णा आले, पेटीला नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि गेले. दुपारी मी पुरणपोळी घेऊन त्यांच्याकडे गेले.

चादर पसरलेली होती, हत्यारांना हळदकुंकू लागलेलं होतं. पण अण्णा ती खुंटीला लावत नव्हते. एकेक तेलाच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवत होते.

“अण्णा, हे काय?”

“नागपूरला पुतण्या आहे. बरेच दिवस बोलावतोय. आता तिकडेच जाऊन राहीन म्हणतो.”

“किती दिवस?”

“राहीनच,” ते म्हणाले. “ही तुमच्या पेटीत टाका, वहिनी. पुतण्याचं घर भाड्याचं आहे. घरमालक खिळा ठोकू देत नाही.”

 हातातलं ताट खाली ठेवून मी म्हटलं, “आमचं काय चुकलं ते तरी सांगून जा.”

“चुकलं कुठे? सत्कार केलात,” अण्णा म्हणाले. हातातला रंधा त्यांनी मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्यावरून फडकं फिरवत राहिले. “एक बात बताऊं, वहिनी? टूल रूमला तो नियम होता ना, एका बिल्ल्याला एक, तो चोरी होऊ नये म्हणून होता. घरी कोण चोरतंय? पण रिटायर झालो, आणि पहिल्या सोमवारी आंघोळ करून, चहा पिऊन बसलो, तर दाराशी कुणी नाही. तिकडे सकाळपासून खिडकीत माणसांची तोंडं. इथे कोई नहीं. म्हणून बिल्ले कापले. सगळं सामान एकदम दिलं तर माणूस एकदाच येतो. एकेक दिलं, तर रविवार भरतो.”

अण्णांनी रंधा गुंडाळून ट्रंकेत ठेवला. 

“लोकांना त्रास होतो, हे दिसत होतं मला. शुक्लाजी तर चिडायचे. तरी मी एकच द्यायचो.”

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. “मग सरळ ‘या बसायला’ म्हणायचं की!”

अण्णांनी खरोखरच गोंधळून माझ्याकडे पाहिलं. “काम नसताना? येऊन माणसं करणार काय?”

“काही नाही करत. बसतात. चहा पितात. इकडचं तिकडचं बोलतात. आणि तुम्ही तरी कधी येता का? काही मोडल्याशिवाय किंवा चुकल्याशिवाय तुम्ही आमच्या घरात पाऊल टाकलेलं मला आठवत नाही.”

“मोडलं नसेल तर येऊन सांगू काय?”

“काही सांगू नका. नुसते या.”

त्यांनी विचार केला. एखाद्या अवघड सांध्याचा करत तसा, नीट केला. मग मान हलवली. “ते मला जमायचं नाही, वहिनी,” असं म्हणून त्यांनी कानस उचलली आणि फडक्यात गुंडाळायला घेतली.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे पेपर वाचत होते. “आपण तर सत्कार केला त्यांचा,” एवढंच म्हणाले, आणि मग बराच वेळ पेपरचं पान उलटलं नाही. दसऱ्याला अण्णा सोनं द्यायला आले, पण ते सगळेच येतात. उंबऱ्यातूनच पानं देऊन पुढच्या घरी गेले.

त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी दार वाजलं. घरात कुणी काही ठोकत नव्हतं, कापत नव्हतं, की पिळत नव्हतं. उघडलं तर अण्णा. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, आणि दोन्ही हात रिकामे.

“काही काम नाही,” ते मोठ्या आवाजात म्हणाले. पाठ करून आल्यासारखे. “सहज आलो.”

मी ‘विराजावं’ म्हटलं. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. आजोबांना इकडच्यासारखं ‘दादा’ म्हणणारी माझी मुलगी धावत बाहेर आली. “अन्ना दादा, क्या ठीक करने आए हो?”

“कुछ नहीं, बेटा. बैठने आया हूँ.”

ते ऐकून ती आत पळाली आणि दाराआडून त्यांच्याकडे बघत राहिली. मी चहा टाकला. परत येऊन पाहते तर अण्णांची नजर खिडकीवर. तिथला पडद्याचा दांडा ह्यांनी त्याच आठवड्यात पेटीतल्या हत्यारांनी बसवला होता, आणि तो एका बाजूने चांगला चार बोटं खाली आला होता. अण्णांनी तो पाहिला. नजर काढून घेतली. परत पाहिला. गुडघ्यांवरचे हात घट्ट झाले. मला वाटलं, संपलं, आता उठतात. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, “यंदा भुसावळकडे पाऊस कसा झाला?”

मी सांगितलं. भावाच्या केळीबद्दल सांगितलं, वहिनीच्या दुखण्याबद्दल सांगितलं, सगळं दोन-दोनदा आणि ओरडून. मग ते सांगू लागले. त्यांची आई मोगऱ्याचे गजरे करायची, शेवटी तिला दिसेनासं झालं होतं तरी गाठ चुकत नसे. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून आईचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. चहा दुसऱ्यांदा झाला. एवढ्यात हे ऑफिसातून आले, अण्णांना पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. “बरं झालं आलात, अण्णा! हा पडद्याचा दांडा जरा—”

मी ह्यांच्याकडे असं काही पाहिलं की वाक्य तिथेच गिळलं गेलं. “दांडा... छान आहे,” हे म्हणाले आणि मुकाट्याने शेजारी येऊन बसले. मग क्रिकेटचं निघालं, उशिरा धावणाऱ्या गाड्यांचं निघालं. अण्णा बोलले कमी, पण उठले नाहीत.

दिवेलागणीला ते निघाले. दारात पायांनी चपला शोधताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “उद्या आलो तर चालेल?”

“या की,” मी म्हटलं.

ते पायऱ्या उतरले, फाटकापर्यंत गेले आणि तिथून वळले. “मग नागपूरला कळवून टाकतो,” ते म्हणाले. “म्हणावं, इथे आमचं येणं-जाणं आहे, सोडून कसं येऊ?”